खुर्ची एक, तऱ्हा अनेक!

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या टेबलावर एक जाडजूड विषय हमखास असतो: 'तुलनात्मक राजकारण व शासनपद्धती'. नाव वाचूनच जांभई आली ना? आवरा! या विषयाच्या पोटात एक गेंडा आहे, गोट्या आहेत, विग घातलेला लेट्यूसचा गड्डा आहे आणि दीड दिवसासाठी 'रजेवर' गेलेला एक राजाही आहे.

सगळा मामला फिरतो एका प्रश्नाभोवती. खुर्ची द्यायची कुणाला, आणि एकदा दिली की काढून घ्यायची कशी? दर देशानं याचं आपापलं उत्तर शोधलंय. काही उत्तरं सरळ, काही तिरपागडी. पण तिरपागड्यांच्या मागेही बहुतेकदा पक्का हिशेब असतो. चला, जगाची एक झटपट चक्कर मारू!

आद्य 'कंपेअर' मास्टर

माहीत आहे का, देशोदेशीच्या राज्यकारभाराची तुलना करण्याचं खूळ सुमारे २३०० वर्षं जुनं आहे? ग्रीसच्या ॲरिस्टॉटलनं आणि त्याच्या शिष्यांनी तब्बल १५८ राज्यांच्या घटना गोळा केल्या, असं परंपरा सांगते. ना गूगल, ना झेरॉक्स!

त्यातली मोठ्या प्रमाणात हाती लागली ती फक्त अथेन्सची. तीही इजिप्तमध्ये, पपायरसच्या गुंडाळ्यांवर. १८९१ मध्ये ती छापून आली आणि अभ्यासक उड्या मारायला लागले. ट्विस्ट ऐका: त्याच पपायरसच्या दुसऱ्या बाजूला शेतीच्या जमाखर्चाचा हिशेब लिहिलेला होता! घटनेचा अनमोल ग्रंथ उतरला तो रद्दीच्या पाठकोऱ्या बाजूवर.

निवडणूक कशाला? चिठ्ठी टाका!

लोकशाहीचं माहेर म्हणून मिरवणारं अथेन्स बहुतेक अधिकारी निवडून देतच नव्हतं! तिथे चिठ्ठ्या पडायच्या. पाचशे जणांचं मंडळही सोडतीनंच ठरायचं. त्यासाठी खाचा पाडलेलं एक दगडी यंत्रसुद्धा होतं. म्हाडाच्या लॉटरीचा पणजोबा म्हणा हवं तर.

तर्क काय होता? निवडणूक आली की पैसेवाले आणि गोडबोले पुढे सरकणार. चिठ्ठीला ना पैसा कळतो, ना भाषण.

आणि एखादा पुढारी डोईजड झाला तर? खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव खरडायचं. ६००० खापरं जमली की सर्वांत जास्त मतं मिळवणारे साहेब १० वर्षं हद्दपार. खटला नाही, वकील नाही. दंडही नाही: मालमत्ता शाबूत, परत आल्यावर मानही शाबूत. खापर फोडायचं ते असं, मतदान करून!

व्हेनिसचा महागुंता

दीर्घ श्वास घ्या. व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे 'डोजे', असा निवडला जायचा: चिठ्ठीनं ३० जण. त्यांतून चिठ्ठीनं ९. त्या ९ जणांनी निवडायचे ४०. त्या ४० मधून चिठ्ठीनं १२. त्यांनी निवडायचे २५. त्यांतून चिठ्ठीनं ९. त्यांनी निवडायचे ४५. त्यांतून चिठ्ठीनं ११. त्यांनी निवडायचे ४१. आणि या ४१ जणांनी निवडायचा एकदाचा डोजे!

चिठ्ठीचे गोळे काढायला रस्त्यावरून दिसेल तो पोरगा पकडून आणायचे. वेडेपणा वाटतो? मग हे ऐका: ही पद्धत १२६८ ते १७९७, पाचशेहून जास्त वर्षं टिकली. इतक्या गाळण्यांतून सेटिंग करायची तर कुणाकुणाला पटवणार? गुंता हाच बंदोबस्त!

छप्पर फाडके पोप

त्याच १२६८ साली इटलीतल्याच वितेर्बो गावात नवा पोप निवडायला कार्डिनल जमले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, पोपचा पत्ता नाही. गावकरी वैतागले. आधी त्यांनी कार्डिनलना कोंडलं, मग जेवणात कपात करून ब्रेड-पाण्यावर आणलं आणि शेवटी डोक्यावरचं छप्परच उतरवलं, असं सांगतात. अखेर १२७१ मध्ये पोप मिळाला: दहावा ग्रेगरी.

या ग्रेगरीसाहेबांनी धडा घेतला आणि १२७४ मध्ये नियमच केला: पोप निवडायचा तो दाराला कुलूप लावूनच. आजही ८० वर्षांखालचे कार्डिनल बंद दाराआड बसतात, दोन तृतीयांश मतं जमेपर्यंत मतदान करतात आणि पांढरा धूर निघाला की जग टाळ्या वाजवतं. जन्मानं न मिळणारी आणि तरी अनियंत्रित राजेशाही बघायचीय? पत्ता: व्हॅटिकन सिटी.

टण्ण! तुमचं मत पडलं

आता आफ्रिकेतल्या गांबिया देशाच्या मतदान केंद्रात शिरू. आत रंगवलेले पत्र्याचे ड्रम ओळीनं उभे. प्रत्येकावर एकेका उमेदवाराचा फोटो आणि पक्षाचा रंग. तुमच्या हातात काचेची एक गोटी. आवडत्या उमेदवाराच्या ड्रमच्या नळीत ती सोडायची. आत घंटी बसवलेली: टण्ण!

एकदा टण्ण, म्हणजे एक मत. दोनदा टण्ण, म्हणजे पकडा त्याला! गोटी घरंगळून पुन्हा वाजू नये म्हणून तळाशी वाळू किंवा भुसा. बाहेरच्या आवाजानं घोळ होऊ नये म्हणून केंद्राजवळ सायकलच्या घंटीलाही बंदी! लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही मान खाली न घालता मत देता यावं, हा हेतू. २०२१ ची अध्यक्षीय निवडणूकही गोट्यांवरच झाली. गोट्या खेळून देश चालत नाही, असं कोण म्हणतं?

विक्रोळीची पेटी, म्हैसूरची शाई

निरक्षर मतदारांचा हाच प्रश्न आपल्यापुढेही होता. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक: १७ कोटींवर मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर. तोडगा? प्रत्येक उमेदवाराला चिन्ह आणि प्रत्येकाची पेटी वेगळी. मग पेट्या लागल्या लाखोंनी. त्यातल्या १२ लाखांहून जास्त पोलादी पेट्या कुठे बनल्या, माहीत आहे का? मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात!

त्याच वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. का? कारण नोंदणीवेळी त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी ओळख सांगून मोकळ्या! पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले: नाव सांगा, तरच मत.

आणि बोटावरची ती हट्टी शाई? १९६२ च्या निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून येते, आणि परदेशांतही जाते. आपल्या लोकशाहीची निशाणी दुसऱ्यांच्या बोटांवर!

मत द्या, सॉसेज घ्या

ऑस्ट्रेलियात मतदानाला दांडी मारली की दंड! फेडरल निवडणुकीला २० डॉलर. १९२२ मध्ये तिथे जेमतेम ५९ टक्के लोक मतदानाला आले होते. १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ च्या निवडणुकीत आकडा थेट ९१ टक्क्यांवर!

पण दंडाबरोबर गंध पण! मतदान केंद्राबाहेर शाळेसाठी निधी जमवणारी मंडळी शेगडीवर सॉसेज भाजत उभी असतात. या 'डेमोक्रसी सॉसेज'ची इतकी चलती की २०१६ मध्ये तो तिथला 'वर्षाचा शब्द' ठरला. आपल्याकडे बूथबाहेर गरमागरम वडापाव ठेवला तर? आचारसंहितेचं भजं होईल, दुसरं काय!

सोफ्यावरून मत, तेही बदलून मिळेल

एस्टोनिया तर २००५ पासूनच ऑनलाइन मतदान घेतोय. २०२३ च्या संसद निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून पडली.

पण घरात कुणी दादागिरी करून मत टाकायला लावलं तर? सोप्पं! तो गेला की पुन्हा लॉगिन करा आणि मत बदला. शेवटचं मत तेच खरं. दबाव टाकणाऱ्याची मेहनत पाण्यात!

गेंडा निवडून आला रे!

१९५९. ब्राझीलचं साओ पाउलो शहर. नगरपालिकेची निवडणूक. उमेदवारांना विटलेल्या मतदारांनी एक नवं नाव पुढे केलं: काकारेको. हा काकारेको म्हणजे चक्क प्राणिसंग्रहालयातला गेंडा, आणि नर नव्हे, मादी! मतं किती पडली? सुमारे १ लाख! कातडी जाड असलेला उमेदवार हवाच, तर मग अस्सल का नको, असा हिशेब असावा. मतं अर्थातच बाद ठरवली गेली.

आपला गेंडा म्हणजे 'नोटा'. मतदान यंत्रावर तो २०१३ मध्ये आला. २०२४ च्या लोकसभेला इंदूरमध्ये त्याला २ लाख १८ हजारांवर मतं पडली. आणि लातूरकरांनो, कॉलर ताठ करा! २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. बाकीचे उमेदवार त्याच्याही मागे!

उमेदवार की यात्रा?

१९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात किती उमेदवार होते? ४५६! सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. त्याच वर्षी तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला शेतकऱ्यांच्या नाराजीतून १०३३ उमेदवार उभे राहिले. तिथे मतपत्रिकेची पुस्तिकाच छापावी लागली.

दिल्लीचं लक्ष गेलं, पण भलतीकडेच. त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून थेट १० हजारांवर नेण्यात आली!

राजे, पण जरा हटके

क्विझ: कोणत्या देशाचा राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून निवडून येतो आणि पदावर बसताच शेजारच्या देशाचा राजाही होतो? उत्तर: फ्रान्स! फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या डोंगरात अँडोरा नावाचा चिमुकला देश आहे. त्याचे सहराजे दोन: एक फ्रान्सचा अध्यक्ष, दुसरा स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप. मूळ करार १२७८ चा. ज्या फ्रान्सनं स्वतःच्या राजाचं मुंडकं उडवलं, त्याचा अध्यक्ष आजही शेजाऱ्यांचा राजा!

मलेशियात तर राजपद फिरतं. नऊ राज्यांचे नऊ राजे, आणि दर पाच वर्षांनी त्यांच्यातलाच एक देशाचा राजा. निवड गुप्त मतदानानं. मतदार किती? तेच नऊ! पाच वर्षं झाली की महाराज पुन्हा आपल्या गावी, दुसऱ्याचा नंबर.

राजेसाहेब आज रजेवर आहेत

बेल्जियम, एप्रिल १९९०. संसदेनं गर्भपाताला परवानगी देणारा कायदा मंजूर केला. राजाची सही झाली की कायदा लागू. पण राजे बोदुआँ पक्के कॅथलिक. म्हणाले, माझी सदसद्विवेकबुद्धी सही करू देत नाही.

आता? सही नाही तर कायदा नाही, आणि लोकांनी निवडलेल्या संसदेला राजा अडवू लागला तर लोकशाही नाही. सरकारनं घटनेतलं एक कलम शोधून काढलं: राजा राज्य करण्यास असमर्थ असेल तर त्याचे अधिकार मंत्रिमंडळाकडे. झालं! राजाला 'असमर्थ' जाहीर केलं, मंत्र्यांनी सह्या ठोकल्या आणि सुमारे दीड दिवसात संसदेनं राजाला पुन्हा 'समर्थ' केलं. कायदाही आला, राजाही राहिला, आणि सदसद्विवेकबुद्धीलाही ओरखडा नाही. जुगाड फक्त भारतात होतो म्हणे!

'नको नको' म्हणता लोकशाही

भूतानची कथा उलटी. तिथे राजा म्हणाला, लोकशाही घ्या. प्रजा म्हणाली, तुम्हीच बरे आहात की!

मग २००७ मध्ये देशभर रंगीत तालीम झाली. अगदी शब्दशः रंगीत! नकली पक्ष: पिवळा, निळा, हिरवा, लाल. उमेदवार म्हणून शाळेतली मुलं. पिवळा रंग राजाचा, त्यामुळे निकाल काय लागला असेल? पिवळ्या पक्षाला ४७ पैकी ४६ जागा! २००८ च्या खऱ्या निवडणुकीतही एकाच पक्षानं ४७ पैकी ४५ पटकावल्या. विरोधी पक्षात उरले दोघं. सभात्याग करायचा तर एकाच स्कूटरवर!

पण थांबा, हा पिक्चर आपल्याकडे आधीच लागला होता! माहीत आहे का, सातारा भागातल्या ७२ गावांच्या औंध संस्थानानं १९३९ मध्येच हे करून दाखवलं? राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचे जगप्रसिद्ध प्रचारक. त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. घटनेचा आराखडा घडवण्यात महात्मा गांधींचा हात होता. सोबत राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनिअर. पाया ग्रामपंचायतीचा, वर प्रतिनिधींची सभा. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती, आणि औंधात स्वराज्य सुरू! सूर्यनमस्कार घालणाऱ्या राजानं लोकांनाही नमस्कार केला तो असा.

रोज परीक्षा की चार वर्षांनी?

जरा अभ्यासाचं बोलू, एकच मिनिट. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीत फरक काय? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो असा मांडला की गाइड विकत घ्यायची गरजच नाही. अध्यक्षीय पद्धतीत सरकार स्थिर राहतं, पण हिशेब द्यावा लागतो मुदत संपल्यावर. संसदीय पद्धतीत स्थैर्य कमी, पण हिशेब रोजचा: प्रश्न, ठराव, चर्चा. दोन्ही एकदम पुरेपूर मिळत नाहीत. आपण निवडली ती जबाबदारी, स्थैर्य नंतर.

परदेशी घटनांतून उसनवारी केल्याचा टोमणाही त्यांनी त्याच भाषणात उडवून लावला: घटनेच्या मूलभूत कल्पनांचं पेटंट कुणाकडेच नसतं!

पंतप्रधान विरुद्ध पालेभाजी

रोजच्या हिशेबाचा सर्वांत झणझणीत नमुना २०२२ चा. ब्रिटनच्या पंतप्रधान लिझ ट्रस डळमळल्या, तेव्हा 'डेली स्टार' या टॅब्लॉइडनं लेट्यूसचा एक गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला. त्याला डोळे चिकटवले, विग घातला आणि लाइव्ह विचारलं: आधी कोण कोमेजणार? २० ऑक्टोबरला ट्रसबाईंनी राजीनामा जाहीर केला. गड्डा जिंकला! एकूण कारकीर्द ४९ दिवस.

महाराष्ट्राला याचं काय कौतुक! २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमारास मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. २६ तारखेला राजीनामा. सुमारे ८० तास. लेट्यूस फ्रीजमधून बाहेरही आला नसता.

पाडायचंय? आधी दुसरा आणा

भारत, १७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव: बाजूनं २६९, विरोधात २७०. एका मतानं सरकार गडगडलं. पण पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार काही जमवता आलं नाही. देश पुन्हा निवडणुकीला!

जर्मनीनं यावर आधीच कुलूप घातलंय. तिथे अविश्वास ठराव आणायचा तर त्यातच नव्या चॅन्सलरचं नाव लिहावं लागतं. 'हे नकोत' म्हणून भागत नाही, 'हे हवेत' तेही सांगा! १९४९ पासून ही युक्ती यशस्वी झाली ती एकदाच: १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट गेले, हेल्मुट कोल आले. नुसतं आडनाव बदललं म्हणा ना!

एकाला दोन, तिघांत एक, सातांची पंगत

सान मारिनो या चिमुकल्या देशाचे प्रमुख एकाच वेळी दोन. मुदत फक्त सहा महिने. दर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला नवी जोडी. ही प्रथा १२४३ पासूनची! खुर्ची गरम व्हायच्या आत उठायचं, आणि उठल्यावर नागरिक तुमच्या कारभाराविरुद्ध तक्रारही करू शकतात.

बोस्नियात अध्यक्ष तीन: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. अध्यक्षांचा अध्यक्ष दर आठ महिन्यांनी बदलतो. युद्धात होरपळलेल्या तीन समाजांना एका टेबलावर बसवण्याची ही किंमत.

आणि स्वित्झर्लंडमध्ये सात! सात जणांचं मंडळ मिळून देश चालवतं. त्यातला एक जण वर्षभर अध्यक्ष म्हणवून घेतो, मग पुढचा. २०१४ मध्ये तत्कालीन अध्यक्ष दिदिए बुर्काल्टर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर एकटेच, मोबाइलमध्ये बघत गाडीची वाट बघत उभे होते. तो फोटो जगभर व्हायरल झाला. ना ताफा, ना सायरन, ना 'साहेब आले, साहेब आले'!

सभागृहातली सर्कस

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचा नवा स्पीकर खुर्चीकडे चालत जात नाही, त्याला ओढत नेतात! नाटक आहे, पण त्यामागे इतिहास आहे. राजाला संसदेचा नकार ऐकवायचं काम स्पीकरचं, आणि जुन्या काळी सात स्पीकरांची मुंडकी उडाली होती. कोण हौसेनं बसेल?

राजा संसदेचं सत्र उघडायला येतो तेव्हा एक खासदार राजवाड्यात 'ओलीस' ठेवतात. राजा सुखरूप परतला की त्याची सुटका. तोवर त्याची बडदास्त मात्र शाही!

ब्रिटिश खासदाराला राजीनामा देता येत नाही, माहीत आहे का? १६२४ चा ठराव तसा आहे. मग सुटका कशी? राजाच्या पगारी नोकरीत जायचं, की खासदारकी आपोआप रद्द! त्यासाठी 'चिल्टर्न हंड्रेड्सचा कारभारी' असं एक नावालाच पगारी पद राखून ठेवलंय. पगार नाही, काम नाही, फक्त बाहेर पडायचं दार.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये बोलत राहून काम अडवता येतं. १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. हा विक्रम २०२५ मध्ये मोडला कोरी बुकर या कृष्णवर्णीय सिनेटरनं: २५ तास ५ मिनिटं! नागरी हक्क अडवणाऱ्याचा विक्रम कुणी मोडावा, याचाही एक न्याय असतो.

जपानी खासदार बोलत नाहीत, चालतात! मत टाकायला पेटीकडे जाताना इतके हळू, इतके हळू, की तासन् तास जातात. त्याला तिकडे 'बैलचाल' म्हणतात. आपल्या सरकारी फायलींना हा किताब केव्हाच मिळायला हवा होता.

उलटसुलट कोडं: अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ४९ राज्यांत दोन सभागृहं आहेत, फक्त नेब्रास्कात एक. भारतात २८ पैकी फक्त ६ राज्यांत दोन. महाराष्ट्र त्या सहांत!

सरकार नाही? हरकत नाही!

जून २०१० मध्ये बेल्जियममध्ये निवडणूक झाली. डच बोलणारे एकीकडे, फ्रेंच बोलणारे दुसरीकडे, जुळेना. नवं सरकार आलं डिसेंबर २०११ मध्ये, ५४१ दिवसांनी! तोवर काळजीवाहू मंत्र्यांनी गाडा ओढला, ट्राम धावल्या, पगार झाले. मधेच इराकचा जुना विक्रम मोडला म्हणून लोकांनी रस्त्यावर फ्रेंच फ्राइज वाटून जल्लोष केला. सरकार नाही तर नाही, बटाटा तर आहे!

नेपाळमध्ये पंतप्रधान निवडायला मतदानाच्या किती फेऱ्या झाल्या? १७! २०१० च्या जुलैत सुरू झालेला हा खो-खो फेब्रुवारी २०११ मध्ये झलनाथ खनाल निवडून आले तेव्हा थांबला.

गाईला शिंगं, बाईला मत

स्वित्झर्लंडमध्ये १ लाख सह्या जमवा, आणि घटनादुरुस्तीचा तुमचा प्रस्ताव थेट जनतेपुढे! आर्मिन कापॉल या शेतकऱ्यानं हेच केलं. मागणी काय? गाईंची शिंगं न कापणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान द्या. २०१८ मध्ये अख्ख्या देशानं हा प्रश्न शिंगावर घेतला. प्रस्ताव पडला, पण बाजूनं ४५ टक्के मतं!

आता नाण्याची दुसरी बाजू. जनतेलाच विचारायचं म्हटल्यावर तिथल्या पुरुषांनी बायकांना देशपातळीवर मताधिकार दिला तो १९७१ मध्ये. आपेनझेल इनररोडेन या परगण्यात तर लोक आजही चौकात जमून हात वर करून मत देतात, आणि पुरुषांना मतदार-ओळखपत्र म्हणून कमरेची तलवार चालते. या तलवारवाल्यांनी १९९० मध्येही बायकांना 'नाही' म्हटलं. शेवटी त्याच वर्षी कोर्टानं हुकूम दिला, बाई मतदान करणार! न्यूझीलंडमध्ये बायका १८९३ पासून मत देत होत्या, एवढं सांगून पुढे सरकतो.

फूल की दोन पानं?

जनतेला थेट विचारण्याचा एक ऐतिहासिक प्रयोग आपल्या शेजारीच झाला. १६ जानेवारी १९६७, गोवा. प्रश्न: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. पानं जिंकली, ३४ हजारांवर मतांनी.

पण खरी गंमत पुढेच! मतकौल निष्पक्ष व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं आधीच राजीनामा दिला होता. कौल विरोधात गेला. दोनच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, आणि गोंयकारांनी निवडून कुणाला दिलं? पुन्हा भाऊसाहेबांनाच! तुमचा प्रश्न नको, तुम्ही हवे. मतदार गोंधळलेला नव्हता, हिशेब वेगवेगळे ठेवत होता.

शेवटचा फटाका: 'सी' ग्रेडची घटनादुरुस्ती

या सगळ्या गडबडीत एकटा सामान्य माणूस काय करू शकतो? भेटा ग्रेगरी वॉटसनला.

१९८२. टेक्सस विद्यापीठातला हा विद्यार्थी शासनव्यवस्थेच्या पेपरसाठी विषय शोधत होता. त्याला सापडली १७८९ सालची एक घटनादुरुस्ती, राज्यांच्या मंजुरीअभावी धूळ खात पडलेली. मजकूर झकास: अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी आपला पगार वाढवला, तर मधे निवडणूक झाल्याशिवाय तो लागू होणार नाही. मंजुरीला मुदतच घातलेली नव्हती. वॉटसननं लिहिलं, ही अजूनही मंजूर होऊ शकते! मार्क मिळाले? 'सी'.

पठ्ठ्या पेटला. राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहीत सुटला. मेन राज्यानं हो म्हटलं, मग कोलोरॅडोनं, आणि रांगच लागली. काँग्रेस सदस्यांच्या पगारवाढीला चाप लावणाऱ्या दुरुस्तीला उघड 'नाही' म्हणणार कोण? १९९२ मध्ये ती मंजूर झाली. अमेरिकेच्या घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती, वय वर्षं २०२!

आणि तो 'सी'? २०१७ मध्ये विद्यापीठानं बदलून 'ए' केला. पेपर दिल्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी. तेव्हा रीचेकिंगचा फॉर्म भरून बसलेल्यांनो, दम धरा. मधल्या वेळात एखादी घटनादुरुस्ती उरकून घ्या!